निरुपयोगी वाद्यांची यादी

३ जुलै. बँडच्या खोलीचं कुलूप काढून आज सकाळी आत गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसले. काम साधं होतं. खोलीतल्या एकेका वाद्याचं नाव लिहायचं, पुढच्या रकान्यात ‘निरुपयोगी’ लिहायचं, खाली सही करायची. सशस्त्र पोलिसांच्या एका तुकडीच्या कचेरीत मी कार्यालय अधीक्षक आहे, भांडारही माझ्याच ताब्यात आहे. फाटके तंबू, गंजलेल्या खाटा, बूड गेलेली पातेली, अशा याद्या मी कितीतरी केल्या आहेत.

‘बँड बंद करा’ असं सरकारी कागदावर सहसा कोणी लिहीत नाही. लिहिलं तर लिहिणाऱ्याचं नाव मागे राहतं. वाद्यं निरुपयोगी झाली, एवढंच लिहितात. वाद्यं नाहीत म्हणून वाजवणारे रिकामे, रिकामे म्हणून त्यांची पदं दुसऱ्या कामाला. तीन कागदांत सगळं आटोपतं आणि निर्णय कोणीच घेतलेला नसतो. त्या तिनांतला पहिला कागद माझा.

बारा वाद्यांची नावं लिहून झाली. रकाना कोराच राहिला, कारण हातात घेतलेली एकही वस्तू गंजलेली निघेना. बिगुलाच्या तोंडाशी बोट फिरवलं, काळं लागलं नाही. आमच्याकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या फायलींना बुरशी येते, आणि ही पितळेची वाद्यं दोन महिने बंद खोलीत राहून चकचकीत होती. हे काम श्रावण मांढऱ्यांचं.

मांढरे आमचे बँडमास्तर. हुद्दा हवालदाराचा, पण सगळे ‘मास्तर’च म्हणत. एप्रिलअखेर निवृत्त झाले. गाव सिंदेवाहीकडचं, घर ढिवराचं, तळ्यातल्या मासोळीवर वाढलेलं. उंची बेताची, छाती रुंद, आणि वरच्या ओठाच्या मधोमध बिगुल टेकून टेकून पडलेला घट्टा. रागावले की तो पांढरा पडायचा. तेवढ्यावरून आम्ही ओळखायचो, कारण आवाज ते कधी चढवत नसत.

मी इथं बदलून आले त्याच आठवड्यात त्यांच्याशी पहिलं भांडण झालं. कचेरीमागच्या चिंचेखाली बँडवाले बसून सरकारी झाडाची चिंच सोलत होते. त्या झाडाच्या फळांचा दरवर्षी लिलाव होतो. मी तिथं जाऊन विचारलं, की ही चिंच कोणाच्या परवानगीनं काढली?

“बाई, आमी खाऊन नाई राह्यलो जी,” मांढरे उभे राहून म्हणाले. “पितळेले चारून राह्यलो. पालिश मांगून दोन वर्षं झाली. तुमी पालिश द्या, आमी झाड सोडतो.”

पॉलिश मला मिळवता आलं नाही. पुढच्या लिलावातून ते झाड वगळलं.

दुसरी गोष्ट खऱ्याची. चंद्रपूर-गडचिरोलीत सुपारी-तंबाखूचा खर्रा न खाणारा माणूस शोधून काढावा लागतो. आमच्या कचेरीत तर तो शिपायापासून वरपर्यंत चालायचा. मांढऱ्यांच्या बँडमध्ये मात्र बंदी. सरावाआधी नऊ जणांना ओळीत उभं करून ते प्रत्येकाला ‘आ’ करायला लावत. एकदा सुखदेव कोवे, धानोऱ्याकडचा गोंड जवान, बँडमधला सगळ्यात चांगला ट्रम्पेटवाला, गालात पुडी दडवलेला सापडला.

“काऊन रे सुखदेव, तोंडात का हाय?”

“काई नाई मास्तर.”

“काई नाई त मंग गाल काऊन गरोदर दिसून राह्यला?”

सगळे हसले. मास्तरांनी त्याला दिवसभर ट्रम्पेट दिलं नाही, नुसत्या झांजा धरून उभं केलं. कोव्यानं त्यानंतर खर्रा सोडला. तोवर बायकोच्या सांगण्यानंही सोडला नव्हता.

या नवांपैकी कोणालाच सुरांची लिपी वाचता येत नव्हती. मांढऱ्यांना येत होती, पुण्याला प्रशिक्षण झालं होतं. ती शिकवण्याच्या फंदात ते पडले नाहीत. ते पोरांना सुट्टीच्या दिवशी आपल्या गावच्या तळ्यावर घेऊन जात आणि जाळं ओढायला लावत. दहा-बारा माणसं छातीभर पाण्यात एका ओळीत, मोठं जाळं धरून, काठाकडे सरकत येतात. कोणी बोलत नाही. एकाचा पाय पुढे गेला की तिथं जाळं उचललं जातं आणि मासोळी खालून निघून जाते. बाजूच्याकडे न बघता बाजूच्याचा पाय कुठं आहे हे पाण्यातून कळावं लागतं. “हे जमलं का बँड जमला,” असं ते म्हणत. मला तेव्हा हा सुट्टीत मासे खाण्याचा बहाणा वाटला होता. मासे मीही खाल्ले आहेत.

आता वरातीचं सांगते. आमच्या तेव्हाच्या एका साहेबांच्या पुतणीचं लग्न होतं आणि साहेबांनी बँड वरातीला पाठवण्याचा तोंडी हुकूम दिला. मास्तरांनी लेखी मागितला. लेखी मिळणार नव्हता. आमची समजूत झाली की आता ते जाणार नाहीत. ते गेले. पूर्ण गणवेशात, नऊच्या नऊ माणसं घेऊन गेले, आणि मंडपापासून देवळापर्यंत परेडची धून वाजवली. नाचायला आलेले मामे-मावसभाऊ दोन्ही हात वर करून उभे राहिले. त्या चालीवर नाचता येत नाही, फक्त चालता येतं. थोड्या वेळानं सगळी वरात डावा-उजवा करत निघाली. नवरदेवाच्या म्हाताऱ्या आजोबांनी, जे कधीकाळी होमगार्डमध्ये होते, रस्त्यात सॅल्यूट ठोकला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी जाब विचारला. मी तिथंच टेबलापाशी कागद घेऊन उभी होते.

“साहेब, बँड सरकारी हाय जी,” मांढरे म्हणाले. “त्याले तेच येते.”

बँड वरातीला पुन्हा कोणी मागितला नाही.

इतकं सगळं असूनही माझं मत बँडच्या विरुद्ध होतं, हे इथंच सांगून टाकते. आमच्या गाड्या उभ्या असत कारण चालक नव्हते. जंगलातल्या चौकीवर कोणाला ताप भरला तर त्याला आणायला गाडी निघायला अर्धा दिवस जायचा. अशा ठिकाणी दहा धडधाकट माणसं भोंगे वाजवत बसलेली बघून कोणत्याही कामसू बाईचं डोकं फिरेल. मी हे मास्तरांच्या तोंडावर बोलले होते. ते म्हणाले, “ड्रायव्हर पायजेच, बाई. ड्रायव्हर त्याले गावापर्यंत आनते. मंग पुढं?”

मंग पुढं काय, हे मी बघितलेलं होतं. सेवेत असताना मरण पावलेल्या जवानाच्या घरी कागदांवर सह्या घ्यायला मलाच जावं लागतं, त्यामुळे बँड जिथं गेला तिथं बहुतेक वेळा मीही गेले. धानोऱ्याच्या पुढं एका गोंड गावात मांढऱ्यांच्या हातून चूक झाली, ती मी पाहिली आहे. चकमकीत गेलेल्या जवानाला घेऊन आम्ही पोहोचलो. गाडी थांबली, वरून खूण झाली आणि बँडनं शोकधून सुरू केली. तिकडे घराच्या अंगणात गावचे ढोल वाजत होते. ते गोंधळले, अडखळले, थांबले. गावचं देवाचं सगळं बघणारा म्हातारा गायता काठी टेकत पुढं आला आणि मास्तरांच्या बिगुलावर त्यानं तळहात ठेवला. गोंडीत काहीतरी बोलला. कोव्यानं सांगितलं, “मास्तर, तो म्हंते, मेलेल्याले घरून खड्ड्यापर्यंत आमचे ढोल नेतेत. ढोल थांबले का तो वाटेतच राह्यते.”

मांढऱ्यांनी टोपी काढली. म्हाताऱ्याच्या पायाशी वाकले आणि बँड मागं घेतला. साहेबांना पुढच्या कार्यक्रमाची घाई होती, ते घड्याळ दाखवत राहिले. मांढऱ्यांनी तिकडे पाहिलंच नाही. ढोल पुन्हा घरापासून सुरू झाले. उन्हात बँड त्यांच्यामागं चालत राहिला, वाद्यं खाली करून. खड्ड्यापाशी ढोल आपोआप थांबले आणि गायत्यानं मास्तरांकडे बघून मान हलवली. मग धून वाजली. गायता त्या जवानाच्या आईबापांना घेऊन आला. बाप मूठभर माती घेऊन अगदी सावकाश चालत होता, आणि मी पहिल्यांदा लक्ष देऊन पाहिलं की मांढऱ्यांची नजर त्या बापाच्या पायांवर आहे. तो थबकला की ते सूर लांबवत. तो निघाला की पुढचा सूर घेत. बापाची मूठ उघडली तेव्हाच धून संपली.

परतताना गाडीत मी विचारलं, ही धून नेमकी किती वेळाची असते?

“बापावर हाय,” ते म्हणाले. “म्हातारा असला त लांब.”

त्या दिवसानंतर कुठल्याही गावात उतरलं की मास्तर आधी तिथल्या वडीलधाऱ्या माणसाकडे जाऊन एवढंच विचारत: “आमी कवा?”

एका पावसाळ्यात आमचा एक जवान मेंदूच्या मलेरियानं गेला. चौकीवर ताप चढला आणि तीन दिवसांत संपला. वरून उत्तर आलं की हा आजारानं मृत्यू आहे, बँडची गरज नाही. मांढऱ्यांनी स्वतःची आणि नऊ जणांची एक दिवसाची किरकोळ रजा टाकली, मी ती नेहमीच्या कागदांत पुढं पाठवली, आणि ते सगळे भाड्याच्या काळीपिवळी जीपमध्ये वाद्यं मांडीवर घेऊन त्या गावाला गेले. वाजवून आले.

कारणे दाखवा नोटीस मीच टाइप केली. ती घ्यायला ते माझ्या टेबलाशी आले तेव्हा घट्टा पांढरा होता.

“मच्छरानं मारला का गोळीनं मारला, ड्यूटीवरच गेला ना बाई? का मच्छराले वर्दी नाई म्हनून हिशेबात धरत नाई?”

“ते मला सांगू नका, उत्तरात लिहा,” मी म्हटलं.

उत्तर दोन वाक्यांचं आलं. ‘शोकधून वाजविली. असे पुन्हा झाल्यास पुन्हा वाजवीन.’ खाली सही, हुद्दा, बक्कल नंबर. मी त्यांना परत बोलावून सांगितलं की दुसरं वाक्य काढा, पहिल्यावर निभावून जाईल.

“पहिलं त तुमाले ठाऊकच हाय,” ते म्हणाले. “लिहाचं होतं ते दुसरंच.”

त्यांची एक वेतनवाढ थांबली. ते वाक्य सेवापुस्तकात लावलेलं आहे. मीच लावलं.

यंदाच्या उन्हाळ्याआधी नवे साहेब आले. हुशार माणूस, कामाचा, उद्धट अजिबात नाही. त्यांनी सगळा खर्च तपासला आणि बैठकीत विचारलं की बँड कशासाठी? शोकधून उत्तम ध्वनिमुद्रित मिळते, स्पीकर गाडीत मावतो, नऊ माणसं मोकळी होतात. त्यांतल्या पाच जणांना चालकाचं प्रशिक्षण देता येईल. माझ्याकडे बघून म्हणाले, मॅडम, तुमचं मत? मी म्हटलं, चालकांची गरज आहे. खरं होतं ते. मांढरे शेवटच्या खुर्चीवर बसले होते. त्यांना विचारलं गेलं तेव्हा उठून म्हणाले, “साहेब, आदमी मेला का त्याच्या घरच्याइले मशीन पाठवाचं, हे सरकारनं लिहून द्यावं. मी वाजवनं सोडतो.”

लिहून कोणी दिलं नाही. मास्तरांच्या निवृत्तीची वाट बघितली. निरोप समारंभात त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला, भाषण केलं नाही. बँडची खोली स्वतः झाडून किल्ली माझ्या हातात दिली.

जूनच्या मध्यावर कुरखेड्याकडच्या एका गावात जावं लागलं. आमच्या तुकडीतला जवान, कर्तव्यावर जाताना मोटारसायकल घसरून गेला. पहिल्यांदाच स्पीकर नेला होता. कोवे आणि बाकीचे बँडवाले बंदोबस्तात होते, हातात काठ्या. मी कागद घेऊन बांधाच्या कडेला उभी होते, तर गर्दीत मांढरे दिसले. पांढरा सदरा, पायजमा, रबरी चप्पल. सिंदेवाहीहून निघून ब्रह्मपुरीला आणि वडशाला बस बदलून आले होते. मला बघून नुसती मान हलवली.

चिता धानाच्या शेतापलीकडे रचली होती. बाप थकलेला, एका पायानं अधू. पावसानं बांध निसरडा झालेला. कोणाचा हात धरायला तो तयार नव्हता. तो निघाला आणि साहेबांनी खूण केली. स्पीकर सुरू झाला. आवाज खरंच चांगला होता, मी खोटं कशाला सांगू? आमच्या बँडपेक्षा स्वच्छ. बाप बांधाच्या मध्यावर आला असेल, आणि धून संपली.

बाप थांबला. त्याला वाटलं, झालं. आपल्याशिवायच आटोपलं. तो तिथंच बांधावर उभा राहून आमच्याकडे बघू लागला. पुढं यावं की मागं जावं, हे त्याला कळेना. पोलीस शिपाई मोबाइलवर पुन्हा धून लावायला खटपट करत होता आणि साहेबांच्या चेहऱ्यावर घाम होता.

तेवढ्यात माझ्या डाव्या हाताला चप्पल आपटल्याचा आवाज आला. मांढरे गर्दीतून पुढं येऊन, हात अंगाशी सरळ ठेवून, जागच्या जागी पाय टाकत होते. धीमी चाल. डावा. उजवा. रबरी चपलेचा आवाज तो किती असणार? पण तिकडे रांगेतला कोवे वळला, काठी बाजूला टेकवली आणि त्यानं बूट टाकायला सुरुवात केली. मग दुसरा. मग सगळे नऊ. कोणी कोणाकडे बघितलं नाही. ओल्या मातीत नऊ जोड बूट एका वेळी पडत होते, दबका, जड आवाज, आणि मांढऱ्यांचे डोळे बापाच्या पायांवर होते. बापानं अधू पाय पुढं टाकला. त्याच्या पायाबरोबर बूट. तो घसरून सावरला, बूट थांबले. तो निघाला, बूट निघाले. बाप चितेपर्यंत पोहोचला तेव्हा मांढऱ्यांनी दोन्ही टाचा जुळवल्या आणि सगळं थांबलं.

नंतर रस्त्यावर बसची वाट बघत ते उभे होते. मी जवळ गेले.

“मास्तर, तुम्ही निवृत्त झालात,” मी म्हटलं.

“पाय कुठी झाले जी?” ते म्हणाले. वडशाची बस आली. ते चढले. खिडकीची जागा मिळाली नाही, मधल्या दांड्याला धरून उभे राहिले आणि बस वळली. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

सरकारनं असे बँड पोसावेत का, हा प्रश्न मूर्खपणाचा आहे असं मी म्हणणार नाही. मीही तो विचारला होता. गाड्यांना चालक हवेत हे माझं मत आजही कायम आहे, आणि त्यासाठी मी वेगळा प्रस्ताव पाठवणार आहे. पण एखाद्याच्या मुलाला सरकार कामाला नेतं आणि मेलेला परत आणून देतं, तेव्हा त्याच्या बापाचा पाय बघून थांबणारी माणसं सरकारनं सोबत पाठवावीत. ही चैन असेल तर असो. याहून फुकट गेलेल्या गोष्टींच्या याद्या माझ्या कपाटात आहेत.

संध्याकाळी खोलीला कुलूप लावलं. रकाना कोराच होता. प्रमाणपत्राचा छापील मजकूर मात्र पुन्हा वाचला: ‘प्रत्येक वस्तूची प्रत्यक्ष तपासणी केली असून...’

४ जुलै. सकाळी साडेदहाला, कचेरी भरल्यावर, सुखदेव कोवे आणि बाकीच्या आठ जणांना बोलावून सगळी बारा वाद्यं व्हरांड्यात मांडून घेतली. मी खुर्ची टाकून बसले, यादी मांडीवर. पहिला बिगुल. कोव्यानं वाजवला. मी लिहिलं, ‘वाजतो’. दुसरा बिगुल, ‘वाजतो’. मोठ्या ढोलाचं चामडं एका बाजूनं फाटलेलं निघालं. तेही लिहिलं: ‘चामडे बदलावे.’ ट्रम्पेट कोव्यानं असं फुंकलं की लेखाशाखेतली माणसं दारात आली आणि चिंचेवरचे बगळे उडाले.

साहेब त्यांच्या दालनातून बाहेर आले. “मॅडम, हे काय चाललंय?”

“प्रत्यक्ष तपासणी, साहेब. प्रमाणपत्रात तसं लिहावं लागतं.”

“कचेरीच्या वेळेत?”

“कचेरीचंच काम आहे.”

ते थोडा वेळ माझ्या हातातल्या यादीकडे बघत उभे राहिले. वाचता येईल अशी मी ती धरली होती.

“अजून किती आहेत?” त्यांनी विचारलं.

“आठ,” मी म्हटलं, आणि कोव्याला सांगितलं, “पुढचं घ्या.”